शाळेची पायाळू

हिरडीटोला, जि. गडचिरोली
२९ डिसेंबर २०२४

मामा,

आधी नमस्कार, मग मागणं. फोनच करणार होते, पण इथला टॉवर आठवड्यातून दोन दिवस जिवंत असतो आणि फोनवर तुम्हाला माझं अर्धंच ऐकू येतं. उरलेलं अर्धं तुम्ही मनानं जोडता आणि मग माझ्यावरच चिडता. म्हणून पत्र. पोस्टमन मंगळवारी आणि शुक्रवारी येतो.

पस्तीस वर्षं तुम्ही लाईनमन होता. मला शाळेच्या छपरावर वीज झेलणारी सळी बसवायची आहे, आणि तीही सतरा जानेवारीच्या आत. त्या दिवशी बेंजामिन फ्रँकलिनची जयंती. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या कागदावर सही करणारा आणि ही सळी शोधून काढणारा माणूस एकच, हे मला स्वतःला इथं शिकवायला लागल्यावर कळलं. देशाचा कारभारही बघायचा आणि हातानं वस्तूही घडवायचा. अशा माणसाची जयंती करू म्हटलं तर आमचे एक वरिष्ठ विचारतात, "मॅडम, हे कोणत्या समाजाचे?"

खरं कारण वेगळं आहे. चौथीत आचल आहे, डोमाभाऊंची मुलगी. ती पायाळू आहे. जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी आले, एवढाच तिचा गुन्हा. पायाळू माणसाला वीज शोधत येते असं गाव मानतं. गेल्या ऑगस्टमध्ये गावातले दसरूबाबा तिच्यासोबत वावरातून परतत होते. पाऊस आला म्हणून ते मोहाच्या झाडाखाली थांबले, ही घराकडे पळाली. वीज पडली आणि दसरूबाबा जागीच गेले. गाव म्हणतं, वीज हिच्यासाठीच आली होती, नेम चुकला. त्यांची बायको कमळाबाई हिचं तोंडही बघत नाहीत. ढग दिसले की गाव हिला शाळेत येऊ देत नाही. बाकीचे पालक म्हणतात, ती वर्गात असेल तर आमची पोरं धाडत नाही. डोमाभाऊ मला म्हणाले, "मॅडम, पुढचा पावसाळा असाच गेला तर मी तिले शाळेतून काढून घेतो. काय फायदा?"

सळी उभी राहिली की मी छातीठोकपणे सांगू शकेन की या छपराखाली कुणाला भय नाही. तांबं पाठवा. कसं बसवायचं ते लिहा.

दिव्यानी


बल्लारपूर
५ जानेवारी २०२५

दिव्यानी बेटा,

तुह्या मायले कोणापुढं हात पसराची सवय नव्हती, तुले कुठून लागली? असो. सळी अन् तांब्याची पट्टी बारदान्यात गुंडाळून गडचिरोलीच्या गाडीत कंडक्टरजवळ देऊन राह्यलो. उतरून घेजो.

आता ध्यान देऊन वाच. वरची सळी म्हंजे नुसता दिखावा. जीव खाली राह्यते. पट्टी भिताडावरून सरळ खाली आनजो, कुठी मुरड देऊ नको. वीज वळन घेत नाई, उडी मारते. खाली सहा हात खड्डा, त्यात कोळसा अन् मीठ. खड्डा सुकू देऊ नको, हँडपंपाचं वाया जानारं पानी तिकडं वळव. जिले धड अर्थिंग नाई ते सळी नसलेली बरी. अन् आभाळ गरजत असन तवा पट्टीजवळ कोनी उभं राहाचं नाई, मग तो सरपंच का असेना.

त्या फ्रँकलिनबाबानं पावसात पतंग उडवली म्हनतेत. तुह्या पोट्ट्यायनं नाई उडवाची. आभाळ निरभ्र असन तरच.

अजून एक. त्या पोट्टीचं नाव सळीसंगं घेऊ नको. काऊन ते विचारू नको.

मुखरू


हिरडीटोला
१९ जानेवारी २०२५

मामा,

काय सांगू! असा दिवस या शाळेनं पाहिला नव्हता.

सळी जंगूभाऊंनी बसवली. गावात हँडपंप दुरुस्त करतात तेच. तुमचं पत्र मी खालून मोठ्यानं वाचायचे आणि ते वरून ओरडायचे, "मामाले सांगा, मुरड नाई दिली!" खड्डा पोरांनी खणला. कोळसा घराघरांतून आला.

सतरा तारखेला निरभ्र आभाळात पतंग उडवले. फ्रँकलिननं जवळचं आणि लांबचं एकाच चष्म्यातून दिसेल असा चष्मा काढला होता, म्हणून सव्वीस पोरांनी पुठ्ठ्याचे चष्मे घातले. गावही आलं होतं. मी सांगितलं की त्या काळी तिकडं वीज कडाडली की देवळातली मोठी घंटा वाजवायचे, वीज पळून जावी म्हणून. आणि उंच मनोऱ्यात घंटेची दोरी धरून उभा असलेला माणूसच मरायचा. म्हातारे लोक च्च् च्च् करत होते.

मग मी आचलला जवळ बोलावलं. तुम्ही नको म्हणाला होता, पण मला राहवलं नाही. तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आपली आचल जशी पायाळू, तशी ही सळी आपल्या शाळेची पायाळू! वीज आली तर आधी हिच्याकडे येईल, आणि बाकी सगळे वाचतील!"

काय टाळ्या पडल्या मामा! कमळाबाई उठल्या, आचलजवळ आल्या आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. पाच महिन्यांत पहिल्यांदा. मला रडूच आलं. आता बोला, नाव घेतलं ते बरं झालं की नाही?

तुमची (विजयी) दिव्यानी


बल्लारपूर
२७ जानेवारी २०२५

दिव्यानी,

तुहं पत्र दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. काय बोलून बसली वं तू!

तू म्हनली, सळी पायाळू हाये. गावानं आयकलं, पायाळू म्हंजे सळी. तू म्हनली, वीज सळीकडं येते अन् बाकीचे वाचतेत. गावानं आयकलं, वीज आचलकडं येते अन् बाकीचे वाचतेत. कालपावतर ते पोट्टी धोका होती, लोकं तिले दूर ठेवत. आता ते कामाची झाली. दूर ठेवलेलं मानूस वाचू शकते बेटा, कामाचं झालेलं नाई वाचत.

सळीच्या खाली पट्टी हाये, सहा हात खड्डा हाये. त्या लेकराच्या खाली काय हाये?

उद्याच्या उद्या गाव गोळा कर अन् शब्द मागं घे. माह्यी चूक झाली म्हन. लाज वाटत असन तर माह्यं नाव घे, मामानं चुकीचं सांगतलं म्हन. मी हे पाह्यलेलं हाये म्हनून सांगून राह्यलो. कुठं पाह्यलं, ते विचारू नको.

मुखरू


हिरडीटोला
१६ फेब्रुवारी २०२५

मामा,

रागावू नका, पण तुम्हाला सगळीकडे उघड्या ताराच दिसतात.

आचलचं काय झालं ते ऐका. संक्रांतीचे उरलेले तिळाचे लाडू तिच्या घरी पोचले. पोरी तिला खेळायला घेतात. परवा अवकाळीचे ढग आले होते आणि ती वर्गात बसली होती, कुणी ब्र काढला नाही. आणि कमळाबाईंनी डोमाभाऊंना सांगून ठेवलंय, जुलैच्या रोवण्याला, भाताच्या लावणीला, आचलला आमच्या बांधीत पाठव. ज्या बाईनं तिचं तोंड बघणं सोडलं होतं, ती तिला स्वतःच्या वावरात बोलावते आहे! आणि मी गाव गोळा करून सांगू की टाळ्या परत घ्या?

तुम्ही "पाहिलंय" म्हणता आणि सांगत नाही. असं अर्धं बोलून घाबरवणं मला पटत नाही. खड्ड्यात रोज पाणी घालते आहे, एवढं तुमचं ऐकते.

दिव्यानी


बल्लारपूर
१० जून २०२५

दिव्यानी,

सुटीत आली, दोन दिवस राह्यली, भांडून गेली. डब्बा पन इथीच विसरली. बोलाचं नसन तर नको बोलू, पन एका गोष्टीचा जवाब दे.

रोवण्याले बाया लागतेत, पऱ्हे लावाले चालता हात लागते. दहा वर्षाच्या पोट्टीले पाच महिने आधी कोन सांगून ठेवते? कमळाबाईले विचार, ते पोट्टी बांधीत काय काम करन. तिच्या तोंडाकडं पाह्यजो जवाब देताना.

आभाळ येऊन राह्यलं हाये.

मुखरू


हिरडीटोला
१३ जुलै २०२५

मामा,

माझं डोकं फिरलं होतं. तुमचं पत्र आलं आणि मी उत्तरही दिलं नाही, कमळाबाईंना विचारलंही नाही. आता सगळं सांगते.

बुधवारी कमळाबाईंच्या बांधीत रोवणा होता. आचल शाळेत नव्हती. दुपारी दोनला पश्चिमेकडून आभाळ काळं झालं आणि गडगडायला लागलं. मुलांना मी लवकर घरी सोडलं. पोरी जाता जाता सहज बोलून गेल्या, "मॅडम, आज आचलले बसवतीन." मी विचारलं, कुठं बसवतील? तर म्हणाल्या, "धुऱ्यावर. तिच्याकडं वीज गेली का बाकीचे वाचतेत ना. तुमीच सांगतलं."

मामा, मी चप्पल न घालता पळाले.

पंधरा-वीस माणसं वावरातल्या झोपडीत उभी होती. आणि बांधीच्या पार त्या टोकाला, धुऱ्याच्या उघड्या बांधावर, आचल बसली होती. एकटी. तिच्या शेजारी लोखंडाची उंच सब्बल, पहारच, उभी रोवलेली. अंगावर प्लास्टिकचा कागद. गुडघ्यात डोकं घालून बसली होती. कुणी तिला बांधलं नव्हतं. तिला नुसतं सांगितलं होतं, इथी बस, आणि ती बसली होती.

चिखलातून जाऊन मी तिला ओढलं. झोपडीतून ओरडा सुरू झाला. कमळाबाईंचा आवाज सगळ्यांत वर, "मॅडम, तिले हलवू नोका! आमची लेकरं हायेत इथी!" मी थांबले नाही. शाळा जवळ होती. कुलूप उघडलं, वर्गाच्या मधोमध भिंतींपासून दूर दोघी पाय जोडून उकिडव्या बसलो. ती मला विचारत होती, "मॅडम, मी उठली तर ते मरतीन का?"

मग सगळं पांढरं झालं. आवाज ऐकू आला नाही, अंगात शिरला. दोन्ही ट्यूबलाईट फुटल्या. बाहेर पाहिलं तर खड्ड्यातून वाफ निघत होती आणि वरची माती फाटली होती. वीज सळीवर पडली होती, तांब्यातून खाली गेली होती. आम्हाला खरचटलंही नव्हतं. मी तिला मिठी मारून वेड्यासारखी हसत होते. मला वाटलं, जिंकले.

गावानं झोपडीतून काय पाहिलं माहीत आहे? आचल उठली, शाळेत गेली, आणि वीज तिच्या मागोमाग शाळेवर आली. दुसऱ्या दिवशी सव्वीसपैकी सात मुलं आली. बाकीच्यांचे पालक म्हणतात, धुऱ्यावर होती तर शाळा सुरक्षित होती, मॅडमनं वीज शाळेत आणली. काल डोमाभाऊ आले. मान खाली घालून म्हणाले, तिला गडचांदूरला मावशीकडे धाडतो, तिची लहान लेकरं सांभाळेल. सोमवारी एकवीस तारखेला नेणार. शाळा बस झाली.

सळीनं तिचा जीव वाचवला आणि त्याचाच पुरावा करून तिला हाकलताहेत. मी बोलले की माझ्याच शब्दांत मला उत्तर देतात. मामा, चुकलं माझं. तुम्ही या.

दिव्यानी


हिरडीटोला
२९ जुलै २०२५

मामा,

तुम्ही आलात, एक रात्र राहिलात, निघून गेलात. गाडीत बसेपर्यंत मी तुमच्याशी धड बोलले नाही. आता लिहिते.

तुम्ही जिंकलात. आचल इथंच आहे. सव्वीसच्या सव्वीस मुलं येताहेत. डोमाभाऊ तुमचं नाव घेऊन हात जोडतात.

पण कसं जिंकलात मामा! भिंतीवर फ्रँकलिनचं चित्र, आणि त्याच्याखाली उभं राहून तुम्ही गावाला सांगितलंत, "मी बी पायाळूच हावो. पस्तीस वर्षं खांबावर चढलो. एकदा माह्यासाठी वीज आली, बाजूच्या खांबावर पडली. तवापासून मले शिवली नाई. पायाळूवर विजेचा एकच फेरा असते. आचलचा फेरा शाळेवर फिटला. आता हे पोट्टी मोकळी." आणि सगळ्यांनी मान डोलावली. जंगूभाऊंनीसुद्धा! कमळाबाईंनी तर सुटल्यासारखा श्वास सोडला.

सहा महिने मी घसा फोडून सांगत होते की वीज माणूस ओळखत नाही. तुम्ही पाच मिनिटांत तिला फेरे मोजायला लावलेत. मला लाज वाटली. आणि आचल माझ्याकडे बघत होती, तुमच्याकडे नाही.

एक विचारू? तुम्ही पायाळू आहात हे आईनं मला कधी का सांगितलं नाही?

दिव्यानी


बल्लारपूर
७ ऑगस्ट २०२५

दिव्यानी बेटा,

मी पायाळू नाई. मी डोक्यानंच आलो, चारचौघांसारखा. पायाळू भागीरथा होती. तुह्यी माय.

तिनं मरेपर्यंत मले बोलू दिलं नाई. तिले जाऊन तीन वर्षं झाली, आता सांगतो. चिमूरकडच्या आमच्या गावात असंच होतं. आमच्या काकाच्या डोक्यात आलं, पोट्टीले जर वीज शोधतेच, तर तिले दूरच्या धुऱ्यावर बसवा, वीज तिकडं जाईन. कोन्या मॅडमनं सांगतलं नव्हतं. भेव माणसाले आपोआप शिकवते. ते बारा वर्षाची, मी नऊचा. बाजूले सब्बल रोवली होती, जशी तू पाह्यली तशीच. आमी झोपडीत बसून भात खात होतो. तिनं मले हाक मारली, "मुखरूऽऽ". मी आयकली. काकानं माह्या हात धरला होता म्हनून गेलो नाई, असं मी सगळ्याईले सांगत आलो. खरं सांगू? हात ढिला होता.

वीज त्या दिशी आली नाई. तीन पावसाळे बसवलं तिले. मंग लगन करून देल्लं. शाळा चौथीतच गेली. पाऊस आला का ते दार लावून बसे, अन् तू हसायची, आई घाबरट हाये म्हनून.

आमच्या गावात तवा एखादा मानूस येऊन खोटं बोलला असता तर मी त्याचे पाय धुतले असते. म्हनून बोललो. लाज वाटत असन तर वाटू दे. मले नाई वाटत.

मुखरू


हिरडीटोला
१४ सप्टेंबर २०२५

मामा,

तुमचं पत्र वाचून मी शाळेच्या मागच्या पायरीवर बसून पोटभर रडले. आई घाबरट आहे, हे मी तिच्या तोंडावर म्हणत असे. मला एकदा तरी तिची माफी मागायची होती, आता कुणाची मागू?

तुमच्या खोट्यावरचा माझा राग गेला. पण एक नवीन संकट आलं आहे आणि ते आपण दोघांनी मिळून आणलंय.

आचलचा फेरा फिटला, म्हणजे आता तिला वीज शिवत नाही, असं गावानं धरलं आहे. त्यामुळे गडगडायला लागलं की सगळे घरात शिरतात आणि हिला हाक मारतात. आचल, आमच्या बकऱ्या आन. आचल, वावरातली ताडपत्री आन. अख्ख्या गावाची ती पावसातली पोरगी झाली आहे. काल मी स्वतः पाहिलं, आभाळ फाटत होतं आणि ही त्याच जुन्या मोहाच्या शेजारच्या झाडाखाली बकऱ्या गोळा करत उभी होती! मी ओढून आणलं. ओरडले, "तुला मरायचंय का?" तर म्हणते, "मले काई होत नाई म्हनतेत."

मी विचारलं, "तुला काय वाटतं?" ती म्हणाली, "खरं सांगतलं तर मावशीकडं धाडतीन ना, मॅडम?"

तिला सगळं कळतं, मामा. खोटं ठेवलं तर जीव जाईल, खरं सांगितलं तर शाळा जाईल. अजून महिनाभर तरी विजा आहेत. काय करू, लवकर सांगा.

दिव्यानी


बल्लारपूर
१९ सप्टेंबर २०२५

दिव्यानी,

तू खरं बोलली, गावानं उलटं आयकलं. मी उलटं बोललो, गावानं खरं मानलं. तुह्यं-माह्यं दोघाईचं बोलून झालं. आता गप राहू.

पाऊस जाईपर्यंत शाळा सुटल्यावर तिले जादा अभ्यासाले बसवून ठेव, ढग उतरले का मंगच सोड. बकऱ्या कोनीच आनू नये म्हनाव. पावसानं बकरी वितळत नाई.

अन् पुढचं तिलेच विचार. भागीरथाले कोनीच विचारलं नव्हतं, मी पन नाई.

मुखरू


हिरडीटोला
१८ जानेवारी २०२६

मामा,

डोळ्याच्या ऑपरेशनमुळे तुम्हाला येता आलं नाही, म्हणून काल जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. पट्टी निघेपर्यंत वाचू नका. आणि शेजाऱ्याकडून तर मुळीच वाचून घेऊ नका.

तुमचं पत्र आल्यावर मी आचलला विचारलं होतं. ती म्हणाली, "सतरा तारखेले सांगीन." पाऊस जाईपर्यंत ती रोज संध्याकाळी माझ्याजवळ अभ्यासाला बसली. विजेवरचा धडा तिनं इतक्यांदा वाचला की पान सुटून आलं. त्यानंतर तीन महिने तिनं विषय काढला नाही आणि मलाही विचारायचा धीर झाला नाही. शनिवारी सकाळी फ्रँकलिनची जयंती. यंदाही गाव आलं होतं, पुठ्ठ्याचे चष्मे होते, जंगूभाऊंनी सळी घासून लख्ख केली होती. भाषणाला पाचवीतून आचलचं नाव होतं. तिच्या हातात कागद होता, पण तो तिनं उघडलाच नाही. शब्द न् शब्द आठवतो आहे.

"फ्रँकलिन दहा वर्षाचे होते तवा त्यायची शाळा सुटली. माह्यी पन सुटनार होती. मुखरूमामानं ठेवली. पन मामा खोटं बोलले. मले शाळेत ठेवाले खोटं बोलले. विजेचा फेरा-बिरा काई नसते. वीज जे उंच असन त्याच्यावर येते. मानूस पायानं आलं का डोक्यानं आलं, हे तिले दिसत नाई. शाळेवर आली ते सळी उंच होती म्हनून आली. मी आत नसती तरी आली असती."

मी टेबलाची कड इतकी घट्ट धरली होती की बोटं दुखली. मला वाटलं, पोरी, पुरे, आता बस खाली. ती बसली नाही.

"दसरूबाबा मोहाखाली उभे राह्यले. मी म्हनली, बाबा, चला. ते म्हनले, पानी थांबू दे. मोहा उंच होता. मी लहान होती, पळून गेली. मी वीज नाई आनली. आता मले मावशीकडं धाडाचं असन तर धाडा. पन मी पान्यात बकऱ्या आनाले जानार नाई, अन् धुऱ्यावर बसनार नाई. दुसऱ्या कोनाले पन बसवू नका."

डोमाभाऊ उठले. वाटलं, आता हिला हाताला धरून नेतात. ते तिच्यापर्यंत गेले, पण हात धरला नाही. सगळ्यांकडे वळून म्हणाले, "माह्यी पोट्टी गडचांदूरले जात नाई. इथीच शिकन. ज्याले आपलं लेकरू धाडाचं नसन त्यानं धाडू नये." कुणीही आपलं मूल उचलून बाहेर गेलं नाही.

मग कमळाबाई उठल्या. भिंतीला धरत धरत आचलसमोर आल्या. म्हणाल्या, "म्हंजे ते झाडानं गेले? तुह्यानं नाई गेले?"

आचल म्हणाली, "नाई, आजी."

कमळाबाई खालीच बसल्या. आचलचे दोन्ही पाय त्यांनी हातात धरले आणि असा टाहो फोडला मामा, की लहान पोरंही रडायला लागली. "मंग आमी तुले त्या धुऱ्यावर काऊन बसवलो वं माय? काऊन बसवलो?"

त्या एकेकाच्या तोंडाकडे बघत विचारत होत्या. उत्तर मीच द्यायला हवं होतं. मी जाऊन त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, "मी तसं सांगितलं होतं म्हणून, कमळाबाई."

दिव्यानी